सोंग, फासे आणि हसण्याचे नियम

गेल्या दिवाळीत अलकापुरीतील आमच्या घरी नातवंडे जमली होती. फराळ आटोपल्यावर त्यांनी टेबलाभोवती बसून एक खेळ मांडला. पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. काही कागद, पेन्सिली आणि दोन फासे एवढेच साहित्य. एकजण सूत्रधार झाला, बाकीच्यांनी पात्रे घेतली. सूत्रधाराने प्रसंग सांगावा, पात्रांनी आपण काय करणार ते बोलून दाखवावे, आणि बेत साधला की फसला हे फाशांनी ठरवावे, असा तो प्रकार. आमचे आयुष्य शासकीय नियमावल्या वाचण्यात गेले. त्यामुळेच की काय, आमचे लक्ष गोष्टीपेक्षा नियमांकडे अधिक गेले. हसू नियमांनी निर्माण करता येते काय, हा प्रश्न मनात आला आणि त्याचा इतिहास शोधावासा वाटला.

या खेळाचा आरंभ युद्धाच्या पटांत आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. सैन्याच्या जागी एकेक वीर आला आणि खेळणारा त्या वीराच्या तोंडून बोलू लागला. पुढे दहा वर्षांनी, १९८४ साली, ग्रेग कॉस्टिक्यन यांचा 'टून' आला. तो जुन्या व्यंगचलच्चित्रांवर बेतलेला होता. त्यात कोणी मरतच नाही. मार खाऊन पात्र कोसळले की खेळणाऱ्याने तीन मिनिटे गप्प बसायचे आणि पुन्हा डावात यायचे. १९८६ साली 'घोस्टबस्टर्स' या भूतपटावरून त्याच नावाचा खेळ निघाला. १९८९ च्या एका खेळात तर खेळणारे वीर नसून स्वस्त भयपटांत काम करणारे नट असतात. संकट आले की धोक्याच्या दृश्यासाठी आपला बदली नट बोलावण्याची त्यांना मुभा असते! २००९ साली जेसन मॉर्निंगस्टार यांनी 'फियास्को' रचला. त्यात सूत्रधारच नाही. कोएन बंधूंच्या चित्रपटांतल्याप्रमाणे सामान्य माणसे मोठा बेत आखतात आणि तो बेत धुळीस मिळवणे हाच खेळाचा आनंद असतो.

या सर्वांतून एक सूत्र हाती लागते. वीररसाच्या खेळात अपयश ही शिक्षा असते. विनोदी खेळात अपयश हे बक्षीस असावे लागते. फसलेल्या बेताने खेळणाऱ्याला डावाबाहेर काढले, तर तो पुढच्या वेळी जपून खेळेल, आणि जपून वागणारा माणूस कोणाला हसवीत नाही. म्हणून विनोदाच्या रचनाकाराचे पहिले काम म्हणजे पडणाऱ्याला पुन्हा उभे करण्याची सोय.

ही सोय आमच्या लोकरंगभूमीने फार पूर्वीच केली होती. तमाशातला सोंगाड्या मार खातो, फजीत होतो आणि पुढच्याच क्षणी राजाला उलट प्रश्न विचारतो. गण, गौळण, बतावणी, वग हा साचा ठरलेला, पण संवाद पुष्कळदा आयत्या वेळचे. दक्षिण कोकणातील दशावतारी मंडळींचेही तसेच. आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि लिखित संहितेवाचून रात्रभर नाटक रंगते. 'रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण त्या कलावंतांच्या दारिद्र्याविषयी असली, तरी भूमिका घेणे आणि उतरवून ठेवणे या कलेचे मर्मही तीत आहे. फासे तेवढे नव्हते. फाशांचे काम समोरचा नट आणि प्रेक्षक करीत. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडींवर आयत्या वेळी कोट्या करीत, त्या याच परंपरेतल्या. ती रंगभूमीवरून पडद्यावर उतरली आणि १९७१ चा 'सोंगाड्या' घडला.

चित्रपटाचा विषय निघाला की बडोदेकराला आपल्या गावाची आठवण होतेच. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' करणाऱ्या फाळक्यांनी 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी चित्रपटही केला, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. पौराणिक पट आणि प्रहसन ही दोन्ही रोपे एकाच वाफ्यात लागली होती. १९१७ च्या 'लंकादहना'त तर अण्णा साळुंके राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत होते. एकाच माणसाने दोघांच्या तोंडून बोलायचे, हा खेळ पडद्यालाही परका नव्हता.

हे सारे मनात घोळत असतानाच आम्ही नातवंडांसाठी मराठीतून एक खेळ रचला. पौराणिक पट, संतपट आणि तमाशापट असे तीन विभाग केले. बेत फसला की सर्वांनी 'रीळ तुटले!' असे ओरडून शिट्ट्या वाजवायच्या आणि फसलेल्याने एक फेरी थांबायचे. संतपटाचा आराखडा पाहून एक स्नेही नाराज झाले. 'तुकोबांची टिंगल घरात कशाला?' त्यांचा आक्षेप आम्हाला योग्य वाटला. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम' (१९३६) कडे आम्ही पुन्हा वळलो, तेव्हा उत्तर तेथेच सापडले. त्या चित्रपटात हसू आहे, पण ते तुकोबांवर नाही. त्यांचे अभंग स्वतःच्या नावावर खपविणाऱ्या सालोमालोवर आहे. आम्ही नियम केला, की तुकोबांची भूमिका कोणी घ्यायची नाही. घ्यायची ती भोवतालच्या माणसांची.

तरीही पहिल्या दिवशी खेळ पडला. मुले हसली नाहीत, कारण त्यांनी मूळ चित्रपट पाहिलाच नव्हता. विडंबनाला आधी ओळख लागते, हे आम्ही विसरलो होतो. नातवंडांना ठाऊक नसलेल्या गोष्टीची थट्टा त्यांच्यापुढे करणे म्हणजे कुलूप नसलेल्या दाराला किल्ली लावणे. त्या रात्री सर्वांनी मिळून चित्रपट पाहिला. भाषा अवघड होती. मधूनमधून अर्थ सांगावा लागला, काही ठिकाणी गुजरातीतून.

दुसऱ्या दिवशी धाकट्या नातीने जिजाईची भूमिका मागून घेतली. मूल आजारी, घरात दाणा नाही, अशा प्रसंगी तिने विठोबाला जाब विचारायचा होता. मोडक्या मराठीत, मध्येच एखादा गुजराती शब्द घालून, ती भांडली. फासे तिच्या विरुद्ध पडले. नियमाप्रमाणे 'रीळ तुटले' म्हणायला हवे होते. क्षणभर कोणी बोलले नाही. मग तीच ओरडली, 'रीळ तुटले!' आणि सगळे हसले.

बडोद्यातील मराठी घरांत भाषा टिकेल काय, याची चर्चा आम्ही अनेक सभांत ऐकली आहे आणि केलीही आहे. त्या दुपारी एवढेच उमगले, की वारसा केवळ आदराने पुढच्या पिढीकडे जात नाही. त्याच्याशी भांडण्याची आणि त्याच्यासह हसण्याची मुभाही द्यावी लागते. नात आता पुढच्या सुट्टीसाठी नवा विभाग मागते आहे. १९३८ चा 'ब्रह्मचारी' तिला आधी दाखवावा, असे आम्ही ठरविले आहे.