द्या काय ते

गडाच्या पायथ्याच्या वणीहून कविसंमेलनाचं बोलावणं आलं. संयोजकांनी विचारलं, "मानधन किती?" मी म्हणालो, "द्या काय ते." फोन ठेवला आणि आजोबा आठवले.

ते त्याच भागातल्या एका खेड्याचे मुलाणी. बिस्मिल्ला म्हणून बकरं हलाल करायचं आणि सुगीत खळ्यावर बलुत्याला उभं राहायचं. बलुतेदारांच्या तीन ओळी. मुलाणी धाकटीत, म्हणजे वाटा सर्वांत कमी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात ही सारी रीत वाचायला मिळते. काम रिवाजानं ठरलेलं, पेंढ्या कुणब्याच्या हातात. कारागिरानं आकडा बोलायची वेळच येत नसे.

मी पुन्हा फोन लावला. आकडा सांगितला, लगेच, "नाही जमलं तरी येईन," असंही बोलून गेलो.