लीळाचरित्र : एका स्मृतिसंग्रहाची कथा

श्रीचक्रधरस्वामींनी स्वहस्ते एकही ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे निरूपण, त्यांचे परिभ्रमण, भक्तांशी झालेले त्यांचे संवाद हे सर्व ऐकणाऱ्यांच्या व पाहणाऱ्यांच्या अंतःकरणातच साठलेले होते. तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात स्वामींनी उत्तरापंथे प्रयाण केले आणि नागदेवाचार्यांसह भक्तमंडळी वऱ्हाडातील ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध राहिली. साक्षीदार हयात होते; परंतु एकेक भक्त देह ठेवील तसतसा त्याच्याबरोबर स्वामींचा एकेक प्रसंगही लोप पावणार, हे उघड होते.

हे कार्य म्हाइंभटांनी अंगावर घेतले. ते शास्त्रनिपुण पंडित होते; तरी येथे त्यांनी पांडित्य बाजूस ठेवून केवळ विचारणाऱ्याची भूमिका पत्करली. प्रथम त्यांनी नागदेवाचार्यांकडून, त्यांनी स्वतः पाहिलेल्या व ऐकलेल्या लीळा मिळविल्या. जो प्रसंग आचार्यांच्या समक्ष घडला नव्हता, त्यासाठी ज्याच्यासमोर तो घडला त्या भक्ताकडे ते स्वतः गेले. प्रसंग कोठे घडला, कोण उपस्थित होते, कोणत्या प्रश्नावर स्वामी काय बोलले, याचा उल्लेख लीळेलीळेत आढळतो, तो या शोधाचेच फळ होय.

सांगणारे सर्वच विद्वान नव्हते. त्यांत स्त्रिया होत्या, सामान्य प्रपंची माणसेही होती. महदाइसेसारख्या जिज्ञासू भक्ताच्या प्रश्नांमुळे स्वामींची कितीतरी वचने प्रकट झाली. ही सारी सामग्री संस्कृतात घालणे म्हाइंभटांस कठीण नव्हते. परंतु तसे झाले असते तर ज्यांच्या मुखातून ती आली, त्यांनाच ती परकी झाली असती. संस्कृतात ग्रंथरचना करू पाहणाऱ्या केशिराजबासांना नागदेवाचार्यांनी याच कारणाने थोपविले होते, असे स्मृतिस्थळावरून दिसते. म्हणून लीळा बोलत्या मराठीतच राहिल्या. एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशी त्यांची मांडणी झाली. शके १२००, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध झाला, असे सामान्यतः मानले जाते.

पुढे मोठे संकट आले. चौदाव्या शतकाच्या प्रारंभीच्या खिलजी स्वाऱ्यांत, ज्यांना परंपरा ‘खालशाची धाड’ म्हणते, मूळ पोथी नष्ट झाली. तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या, त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. हिराइसेचा पाठ याच स्मरणाचा वारसा होय. निरनिराळ्या शिष्यांच्या आठवणींत जेथे भेद पडला, तेथे तो झाकून एकच गुळगुळीत कथा रचली गेली नाही. अमक्याची ‘वासना’ अशी, म्हणजे अमक्याच्या स्मरणातील पाठ असा, हे त्याच्या नावासह नोंदविले गेले. त्यामुळे कोणते विधान कोणाच्या आधाराने आले, हे वाचकास आजही ताडून पाहता येते.

कागद गेला तरी ग्रंथ तरला, कारण तो अनेकांच्या मुखी होता. मुखे मौन झाली तरी कथा उरली, कारण कोणीतरी वेळीच विचारले होते. आज ध्वनिमुद्रणाची साधने सुलभ आहेत. तरी आपल्या मठातील, गावातील वृद्धांच्या आठवणी जतन करू इच्छिणाऱ्यास प्रथम यंत्र नव्हे, म्हाइंभटांची शिस्तच हवी: जो प्रत्यक्ष साक्षी त्यालाच विचारावे, त्याचेच शब्द ठेवावे, भेद असेल तर सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवावा, आणि हे उद्यावर टाकू नये.