ड्राय नीडलिंग (शुष्क सूचिवेध)

स्नायूंत दीर्घकाळ ठाण मांडून बसलेल्या वेदनेवर, औषधाचा एक थेंबही न टोचता, केवळ बारीक व भरीव सुई त्वचेतून थेट दुखऱ्या स्नायूत नेऊन जो इलाज केला जातो, त्यास ड्राय नीडलिंग म्हणतात. मान व खांदे यांचा ताठरपणा, कंबरेत भरणारी उसण, मानेच्या स्नायूंतून उगम पावणारी डोकेदुखी, पोटरीतील दुखणे अशा तक्रारींवर भौतिकोपचारतज्ज्ञ त्याचा अवलंब करतात. तथापि तो स्वयंपूर्ण उपचार नसून व्यायामाच्या जोडीने योजावयाचा आहे, हे प्रारंभीच नमूद केले पाहिजे.

या उपचाराची सारी भिस्त ट्रिगर पॉइंट या संकल्पनेवर आहे. स्नायूच्या काही तंतूंचा ताठ पट्टा बनतो, त्या पट्ट्यात दाबताच रुग्ण कळवळावा अशी एक लहानशी गाठ बोटांना लागते, आणि दाब एका जागी पडूनही कळ पुष्कळदा भलत्याच ठिकाणी उमटते. मानेलगतच्या ट्रॅपिझियस स्नायूतील अशा बिंदूची कळ कानशिलापर्यंत चढते. खांद्याच्या फऱ्यावरील इन्फ्रास्पायनेटस स्नायू बिघडला म्हणजे दुखतो तो खांद्याचा पुढचा भाग. आणि नितंबातील ग्लुटियस मिनिमस या लहान स्नायूची वेदना पायाच्या बाहेरच्या अंगाने घोट्याकडे अशी उतरते, की सायटिका समजून तिच्यावर महिनोन्महिने भलताच उपचार होत राहावा. वेदनेच्या या स्थलांतराचा पद्धतशीर शोध जे. एच. केलग्रेन यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात सर टॉमस लुइस यांच्या मार्गदर्शनाखाली घेतला. निरोगी माणसांच्या निरनिराळ्या स्नायूंत मिठाचे तीव्र द्रावण टोचून, कळ कोठे उमटते याची नोंद त्यांनी केली व १९३८ मध्ये ती प्रसिद्ध केली.

सुईने कंबरदुखी शमते, हे पाश्चात्त्य वैद्यकाला त्यापूर्वी अगदीच अपरिचित होते असे नाही. सर विल्यम ऑस्लर यांनी १८९२ च्या आपल्या प्रसिद्ध वैद्यकग्रंथात तीव्र कटिशूलावर तीन ते चार इंच लांबीच्या सुया दुखऱ्या स्नायूत रोवून पाच-दहा मिनिटांनी काढून घेण्याची शिफारस केली होती, आणि त्यासाठी स्त्रियांच्या टोपीस लावावयाच्या साध्या सुयाही निर्जंतुक केल्यास चालतील, अशी मुभा दिली होती. परंतु आजच्या शुष्क सूचिवेधाचा वंश इंजेक्शनापासून आला आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य म्हणून व्हाइट हाउसमध्ये नियुक्त झालेल्या न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल (१९०१–१९९७) या बिंदूंमध्ये प्रोकेन हे बधिरीकरणाचे औषध टोचीत असत. डेव्हिड सायमन्स यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला, १९८३ व १९९२ अशा दोन खंडांत निघालेला ट्रिगर पॉइंटविषयक ग्रंथ या विषयाचा मूलाधार मानला जातो. मग गुण येतो तो औषधाचा की सुईचा, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. प्रागचे डॉ. कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये त्याचे जे उत्तर दिले, ते या उपचाराच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा दाखला होय. २४१ रुग्णांच्या ३१२ दुखऱ्या जागी नुसती सुई टोचून, सुमारे ८७ टक्के प्रसंगी वेदना तत्काळ शमल्याचे त्यांनी नोंदविले, आणि हे शमन सुई नेमक्या बिंदूवर पोहोचण्यावर अवलंबून असते, असा निष्कर्ष काढला. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे आजच्या कसोटीस हा पुरावा अपुरा पडतो. परंतु लक्ष औषधावरून हाताच्या अचूकपणाकडे वळले ते त्यामुळेच, आणि ते योग्य ठिकाणी वळले. १९९४ मध्ये हाँग यांनी लिडोकेनचे इंजेक्शन व कोरडी सुई यांची तुलना केली, तेव्हा दोहोंचा गुण, सुई बिंदूला लागताच स्नायू क्षणभर जी उसळी घेतो, ती मिळण्यावरच अवलंबून असल्याचे दिसले. मात्र मागाहूनचा ठणका कोरड्या सुईने अधिक होतो, हेही त्यांनी दाखविले. व्हँकूवरचे चॅन गन यांनी मज्जातंतूंच्या बिघाडावर भर देणारी, तर इंग्लंडचे पीटर बॉल्ड्री यांनी त्वचेखाली थोड्याच अंतरावर सुई ठेवण्याची, अशा निराळ्या शाखा काढल्या.

ट्रॅपिझियसच्या वरच्या भागावरील उपचार जवळून पाहिला असता या विद्येचे मर्म ध्यानात येते. बसल्या जागी घेरी येण्याचा संभव असल्यामुळे रुग्णास पालथे निजवितात. त्वचा स्वच्छ केल्यावर तज्ज्ञ एका हाताचा अंगठा व बोटे यांच्या चिमटीत तो स्नायू धरून वर उचलतो, कारण त्याखाली फार अंतर न राखता फुफ्फुसाचा शेंडा असतो, व चिमटीत आलेल्या मांसापलीकडे सुईचे टोक जाऊ नये असा दंडक आहे. पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची, एकदाच वापरावयाची पोलादी सुई प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून टिचकी मारून त्वचेपार केली जाते. टोचल्याची जाणीव क्वचितच होते. मग नळी काढून सुई किंचित मागे घ्यावयाची, दिशा थोडी बदलून पुन्हा पुढे न्यावयाची, असे गाठीचा ठाव लागेपर्यंत चालते. आणि ठाव लागताच तो पट्टा पाण्याबाहेरच्या मासळीसारखा क्षणभर उसळतो. ही उसळी मेरुरज्जूमार्फत घडणारी प्रतिक्षिप्त क्रिया होय. त्याच क्षणी रुग्ण ‘हीच ती, रोजची कळ’ असे म्हणाला, म्हणजे जागा अचूक सापडल्याची ग्वाही मिळाली. सारे काही मिनिटांत आटोपते. पुढे एक-दोन दिवस तो भाग ठणकतो. शेक आणि हलका व्यायाम एवढेच त्यावर पुरे.

सुईने नेमके काय घडते, याविषयी सायमन्स यांची उपपत्ती अशी, की मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्याशी ॲसिटिलकोलिन प्रमाणाबाहेर स्रवल्यामुळे तंतू आकसलेलेच राहतात, तेथील रक्तपुरवठा आवळला जातो व वेदनाकारक द्रव्ये साचतात. सुईच्या आघाताने हे चक्र तुटते. जय शाह व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००५ मध्ये सक्रिय बिंदूंतील द्रवाची तपासणी केली, तेव्हा तेथे आम्लता व अशी काही द्रव्ये वाढलेली आढळली. उलट क्विंटनर, बोव्ह व कोहेन यांनी २०१५ मध्ये या संपूर्ण उपपत्तीवरच हरकत घेतली, आणि एकाच रुग्णात दोन परीक्षकांना तोच बिंदू सापडेल याची शाश्वती नसते, हा त्यांचा आक्षेप वजनदार आहे. परिणामांविषयी २०१७ च्या एका साक्षेपी आढाव्यात असे दिसले, की उपचारच न करण्यापेक्षा किंवा खोट्या सुईपेक्षा हा उपचार पहिल्या बारा आठवड्यांच्या मुदतीत सरस ठरतो, पण तो पुरावा बव्हंशी कनिष्ठ प्रतीचा आहे, व दीर्घकालीन लाभाचा आधार तोकडा आहे. म्हणून सुईने मिळालेली सवड स्नायू ताणण्याच्या व बळकट करण्याच्या व्यायामासाठी न वापरता रुग्णास पुन्हा पुन्हा सुईसाठीच बोलाविणे, हे या उपचाराचे अवमूल्यन होय.

ॲक्युपंक्चरशी याचे नाते वादग्रस्त आहे. सुई एकच; पण तेथे बिंदू परंपरागत नाडीमार्गांवर ठरतात, येथे शारीरशास्त्राच्या आधाराने. तरीही दुखेल तेथेच टोचण्याची रीत चिनी परंपरेतही जुनी आहे, हे ॲक्युपंक्चरतज्ज्ञांचे म्हणणे रास्त आहे. भौतिकोपचारतज्ज्ञांनी ही सुई टोचावी की नाही, हा तंटा अमेरिकेत न्यायालयांपर्यंत गेला, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भौतिकोपचारतज्ज्ञांच्या बाजूने निकाल दिला.

जोखमीसंबंधी आयर्लंडमधील ३९ भौतिकोपचारतज्ज्ञांच्या ७,६२९ उपचारांची २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली नोंद उपयुक्त आहे. सुमारे १९ टक्के प्रसंगी काळेनिळे डाग, किंचित रक्तस्राव, वेदना असे किरकोळ त्रास झाले; गंभीर अपाय एकही नाही. परंतु छाती व खांदा यांच्या आसपास सुई खोल गेल्यास फुफ्फुसाच्या आवरणात हवा शिरल्याची उदाहरणे अन्यत्र घडली आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, सुईची धास्ती असणारे व त्या जागी जंतुसंसर्ग झालेले रुग्ण यांच्या बाबतीत हा उपचार टाळतात किंवा विशेष खबरदारीने करतात. छातीत हवा शिरल्याची लक्षणे कित्येकदा काही तासांनी, रुग्ण घरी पोहोचल्यावर दिसतात; म्हणून मानेखाली किंवा पाठीवर सुई घेतल्यानंतर श्वास घेताना छातीत कळ आली अथवा धाप लागू लागली, तर ठणका समजून वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे, ही सूचना रुग्णास सुई टोचण्यापूर्वीच दिली गेली पाहिजे.