ऑपेरा, संगीत नाटक आणि शालेय विद्यार्थी : रत्नागिरीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

शालेय विद्यार्थ्यांना व्यावसायिक कलावंतांच्या सहकार्याने ऑपेराचा परिचय करून देण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत चांगलीच रुजली आहे. महाराष्ट्रात ऑपेराला सर्वांत जवळचा कलाप्रकार म्हणजे संगीत नाटक होय. या रंगभूमीचा आणि शालेय वयाच्या मुलांचा संबंध कसा होता, तो कालौघात कसा बदलला आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी आज त्याला कोणते रूप देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऑपेरा आणि संगीत नाटक : साम्य व भेद

१८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. त्या परंपरेत गायनाचा मुख्य भार सूत्रधारावर असे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले, तेव्हा पदे त्या त्या पात्रांच्या मुखी आली. पात्राने स्वतःची भावावस्था स्वतः गाऊन प्रकट करावी, हे ऑपेराचे मूलतत्त्व येथे स्वतंत्र मार्गाने सिद्ध झाले. भेदही तितकेच महत्त्वाचे आहेत. ऑपेरात बहुधा संपूर्ण संहिता गायिली जाते आणि तिला मोठ्या वाद्यवृंदाची साथ असते. संगीत नाटकात गद्य संवाद व पदे आलटून पालटून येतात, साथीला ऑर्गन व तबला पुरतो आणि गायकाला रागविस्ताराची मोकळीक असते. या दृष्टीने मोझार्टच्या १७९१ च्या 'द मॅजिक फ्लूट'सारखी, गद्य संवाद असलेली जर्मन संगीतिका संगीत नाटकाला अधिक जवळची ठरते. ऑपेरा समजावून देऊ पाहणाऱ्या मराठी शिक्षकाला परक्या उदाहरणापासून प्रारंभ करण्याची गरज नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

कंपनी हीच शाळा

संगीत नाटक मंडळ्यांच्या वैभवकाळात मुले रंगभूमीवर होती. परंतु ती शाळेतून आलेली नव्हती, तर बहुधा शाळेला मुकलेली होती. स्त्रीभूमिका पुरुषच करीत असल्याने गोड गळ्याच्या मुलांना मंडळ्यांत मागणी असे. केशवराव भोसले (जन्म १८९०) अगदी लहान वयात स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले आणि बालवयातच 'शारदे'च्या भूमिकेने गाजले. पुढे १९०८ मध्ये, वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांनी 'ललितकलादर्श' स्थापन केली. १९०० मध्ये जन्मलेले दीनानाथ मंगेशकर किशोरवयातच किर्लोस्कर मंडळीत आले व १९१८ मध्ये 'बळवंत संगीत मंडळी'चे एक संस्थापक झाले. अन्न, वस्त्र, तालीम आणि गुरू हे सर्व मंडळीतच लाभे. त्या अर्थाने मंडळी हे एक गुरुकुलच होते.

तथापि या गुरुकुलाची किंमत मुलालाच मोजावी लागे. घर सुटे, अक्षरशिक्षण खंडित होई आणि वयात येताना आवाज फुटला की मिळत असलेल्या भूमिका हातून जाण्याची धास्ती राही. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'शारदा' (१८९९) हे नाटक अल्पवयीन मुलीच्या जरठविवाहाविरुद्ध होते. बालिकेच्या हक्काचा कैवार घेणारी ती भूमिका स्वतः बालपण गमावलेल्या मुलाने गाजवावी, यात त्या काळाची विसंगती सामावलेली आहे. जे थोडे मोठे झाले त्यांची नावे इतिहासात राहिली. इतरांची नोंद अभावानेच आढळते.

पाश्चात्त्य उदाहरणे

ऑपेराचा शाळेशी संबंध जुना आहे. हेन्री पर्सेल याच्या 'डायडो अँड इनिअस' या ऑपेराचा ज्ञात असलेला सर्वांत जुना प्रयोग लंडननजीकच्या चेल्सी येथील मुलींच्या शाळेत १६८९ च्या सुमारास झाला. विसाव्या शतकात बेंजामिन ब्रिटनने या संबंधाला पद्धतशीर रूप दिले. १९५८ मध्ये ऑरफर्डच्या चर्चमध्ये सादर झालेल्या त्याच्या 'नॉइज फ्लड'मध्ये प्रमुख भूमिका व वाद्यवृंदाचा कणा व्यावसायिकांकडे होता. उर्वरित भूमिका, समूहगान व बरीचशी वाद्ये मुलांकडे होती. मुलांना झेपेल असे सोपे भागही त्याने मूळ रचनेतच योजले. मुलाने शाळा न सोडता व्यावसायिकाच्या शेजारी उभे राहावे, हे या सहकार्याचे सार होय.

महाराष्ट्रात १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी बालरंगभूमीची चळवळ उभारली आणि मुलांसाठी नाटक हा स्वतंत्र विषय बनला. १९७७ मध्ये डॉ. किरण सेठ यांनी सुरू केलेल्या 'स्पिक मॅके'ने शास्त्रीय संगीतातील श्रेष्ठ कलावंत शाळा-महाविद्यालयांच्या दारी आणले. मात्र या दोन धारांच्या मध्ये संगीत नाटक बव्हंशी राहून गेले.

रत्नागिरीची परिस्थिती

रत्नागिरीचा संगीत रंगभूमीशी असलेला संबंध केवळ प्रेक्षकाचा नाही. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'उःशाप', 'संन्यस्त खड्ग' व 'उत्तरक्रिया' ही संगीत नाटके लिहिली. अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील 'उःशाप' १९२७ मध्ये रंगभूमीवर आले. 'संन्यस्त खड्ग' १९३१ मध्ये दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने सादर केले. याच काळात शाळांमध्ये सर्व जातींच्या मुलांना सरमिसळ बसविण्याचा आग्रह सावरकरांनी रत्नागिरीत धरला होता. शाळा आणि रंगमंच ही समाजशिक्षणाची दोन अंगे तेथे एकाच वेळी कार्यरत होती.

बोलपटांच्या आगमनानंतर मोठ्या मंडळ्या खचल्या. पण परंपरा हौशी संस्थांनी जपली. रत्नागिरीची 'खल्वायन' ही संस्था संगीत नाटकांसाठी ओळखली जाते, तर शासनाच्या हौशी संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग येथील सावरकर नाट्यगृहात अनेक वर्षे रंगले आहेत. शिवाय नमन-खेळे व जाखडी यांतील गण, गवळण आणि समूहगान ग्रामीण भागातील मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडत असते.

येथे एक तात्त्विक अडचण उद्भवते. पाश्चात्त्य प्रतिमानातील सहकारी संस्था वेतनावर चालते. रत्नागिरीतील गायक, ऑर्गनवादक व तबलजी यांतील अनेकांचा चरितार्थ अन्य व्यवसायावर असतो. म्हणून 'व्यावसायिक' या शब्दाचा निकष उपजीविका हा न धरता तालीम व कसब हा धरावा लागेल. मात्र त्यामुळे त्यांच्या श्रमाचे मोल नाकारले जाऊ नये. मानधनाची तरतूद नसलेले सहकार्य एखाद्या स्नेहसंमेलनापुरतेच टिकते.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ ने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य असावे अशी शिफारस केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने शाळांमध्ये निवासी कलावंतांची कल्पना मांडली. या शिफारशींना रत्नागिरीत आशय देणे शक्य आहे. संपूर्ण नाटकाऐवजी एक प्रवेश व त्यातील दोन-तीन पदे घ्यावीत. प्रमुख गायन जाणत्या कलावंताने करावे. नांदी व समूहगान विद्यार्थ्यांकडे असावे. त्यानंतर ऑपेरातील एखादा प्रवेश चित्रफितीवरून दाखविल्यास दोन्ही प्रकारांतील साम्य-भेद विद्यार्थी स्वतःच हेरू शकतील.

निष्कर्ष

संगीत मंडळीने मुलाला कला दिली, परंतु शाळा हिरावली. आधुनिक शाळेने मुलाला शिक्षण दिले, परंतु ही कला त्याच्यापर्यंत पोहोचविली नाही. सहकार्याच्या प्रयत्नाचे ऐतिहासिक महत्त्व या दोन उणिवा एकाच वेळी भरून काढण्यात आहे. अशा उपक्रमातून निष्णात गायक घडतीलच असे नाही. पण संगीत नाटकाचा जाणता श्रोता विरळ होत असताना, असा श्रोता घडविणे हे नट घडविण्याइतकेच निकडीचे कार्य आहे. जाणता श्रोता नसेल तर हौशी संस्थांची चिकाटीही ही परंपरा फार काळ तगवू शकणार नाही.