नागद्वारीची वाट : वहिवाट आणि परवाना

पचमढी म्हटले की भोपाळकराच्या डोळ्यांपुढे थंड हवेचे ठिकाण उभे राहते. विदर्भातील भाविकाला मात्र त्याच डोंगरांत नागद्वारी दिसते. १३५० मीटर उंचीच्या धूपगडाच्या परिसरातून दऱ्यांत उतरणारी ही वाट एरवी यात्रेकरूंना बंद असते. नागपंचमीच्या सुमारास, ऐन पावसाळ्यात, ती मोजके दिवस खुली होते. नागपूर, अमरावती, बैतूल, छिंदवाडा या भागांतील असंख्य मराठी भाविक तेव्हा निसरडे चढउतार आणि लोखंडी शिड्या पार करीत नागदेवाच्या गुहेपर्यंत जातात.

मराठ्यांच्या इतिहासाला हे डोंगर अनोळखी नाहीत. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरकर अप्पासाहेब भोसले याच महादेव डोंगरांत गोंडांच्या आश्रयाने राहिले. १८१९ च्या प्रारंभी ते येथून असीरगडाकडे गेले. त्या काळी या रानात शिरावयाचे तर वाट दाखविणारा गोंड वा कोरकू सोबती हाच काय तो परवाना होता.

इंग्रजी अमलात चित्र पालटले. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचे ‘बायसन लॉज’ १८६२ मध्ये पचमढीत उभे राहिले आणि १८६५ मध्ये जवळचे बोरीचे जंगल राखीव झाले. रानावरील हक्क रानवासीयांकडून सरकारी दप्तरात गेला. पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा कारभार उन्हाळ्यात पचमढीहून चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पचमढी भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिली. राज्याची सीमा मध्ये आली, तरी यात्रा खंडली नाही.

१९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवेशपरवान्याची कारणे नमूद आहेत : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि तेथील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार. तीर्थयात्रेचा त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. नागद्वारीचे मोजके दिवस म्हणजे जुनी वहिवाट आणि नवा कायदा यांनी एकमेकांसाठी केलेली तडजोडच होय.

या तडजोडीची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. ज्या वनाच्या रक्षणासाठी यात्रेकरूंना वर्षभर थांबावे लागते, त्याच वनासाठी कोरकू आणि गोंडांची अनेक गावे मूळ जागेवरून हलविली गेली. ज्यांच्या पूर्वजांनी संकटकाळी मराठी राजाला आसरा दिला, त्यांच्याच वंशजांना घर सोडावे लागले. यात्रेकरू गुहेचे दर्शन घेऊन आपल्या गावी परततो. त्यांना परतावयास ते गाव उरले नाही. म्हणून नागद्वारीची वाट चालणाऱ्याने प्लास्टिकचा कचरा मागे न टाकणे, रानाची शांतता न मोडणे, हा केवळ सरकारी नियम मानू नये. या डोंगरांचे जुने ऋण आहे; त्याची ती अल्पशी फेड होय.