वरठी : पाटीवर नसलेलें गांव



नागपुराहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारें ६० किलोमीटरांवर ‘भंडारा रोड’ नांवाचें स्थानक लागतें. भंडारा शहर तेथून आणखी १० किलोमीटर दूर आहे. स्थानकाखालची भूमि मात्र वरठीची आहे. भूमि एका गांवाची आणि पाटीवर नांव दुसऱ्याचें, ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु वरठीच्या वाढीचा इतिहास तींत सांठविलेला आहे.

हा प्रदेश मूळचा धानाचा व तलावांचा. पावसाबरोबर बांध्यांत रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, हेंच येथील कालमान होतें. १८८२ च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटर रुंदीचा मार्ग राजनांदगांवास पोंचला. १८८७ त स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें तो ताब्यांत घेऊन रुंद केला; १८९१ त तो आसनसोलास जोडला गेला. धानाच्या या शिवारांतून मुंबई-कलकत्त्याचा राजमार्ग जाऊं लागला.

या मार्गानें छत्तीसगडचा तांदूळ दूरच्या बाजारांस खुला केला. परंतु १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांनीं मध्यप्रांतास ग्रासलें, तेव्हां एक कटु सत्य दिसून आलें. रूळ धान्य वाहून आणतात. तें विकत घेण्याचें सामर्थ्य आणीत नाहींत.

वाढीचा दुसरा लोट शंभर वर्षांनीं आला. १९८४ त स्थापन झालेल्या सनफ्लॅग आयर्न अँड स्टील कंपनीचा कारखाना त्या दशकाच्या अखेरीस येथें उभा राहिला. लोहदगड न वितळवितां कोळशाच्या योगें त्यांतील प्राणवायु काढून घ्यावयाचा, असें सच्छिद्र लोखंड विजेच्या भट्टींत घालावयाचें, आणि त्यापासून पोलाद करावयाचें, अशी ही रीत. दगड व कोळसा बाहेरून यावयाचा, म्हणून कारखान्यास लोहमार्गाचें सान्निध्य हवें होतें. एका शतकानें दुसऱ्या शतकास असें आमंत्रण दिलें.

भट्टी थंड करणें खर्चाचें असतें. म्हणून ती रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, आणि माणसांस पाळ्यांनीं राबावें लागतें. त्यामुळें वरठींत आज दोन घड्याळें चालतात. एक आषाढाच्या ढगांकडे पाहून चालतें, दुसरें पाळीच्या वेळेप्रमाणें. एकाच घरांतील सासू रोवणीच्या चिखलांत उभी असते, तेव्हां मुलगा रात्रपाळी करून निजलेला असतो. गाडी आली कीं भंडाऱ्याचे उतारू ऑटोरिक्षांत बसून निघून जातात. गांव त्यांच्या दृष्टीस क्षणभरच पडतें.

अशा गांवाची उन्नति कशानें मोजावी? किती टन पोलाद निघालें, किती गाड्या थांबल्या, हे आंकडे कंपनीच्या व रेल्वेच्या वह्यांत असतात. गांवाची वही निराळी. येथील मुलगा कुशल कारागीर होतो कीं केवळ रोजंदार राहतो, विहिरीचें पाणी स्वच्छ राहतें कीं नाहीं, धुऱ्यावरच्या झाडाखालीं बसावयास सांवली उरते कीं नाहीं, याची नोंद तींत व्हावयास पाहिजे. ती वही दुसरा कोणी लिहिणार नाहीं. पाटीवर नांव नसलें तरी चालेल. हिशेब मात्र वरठीच्याच हातीं असावा.