गढूळ पाण्याचे गणित

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ झाले की हंड्यात तुरटीचा खडा फिरवायचा आणि पाणी रात्रभर तसेच ठेवायचे, ही रीत आपल्यापैकी अनेकांनी गावाकडे पाहिली असेल. ज्यांचा जन्म इकडचा, त्यांनी ती आजी-आजोबांकडून ऐकली असेल. तुरटी नसेल तर निवळीचे बी उगाळून पाण्यात घालत. संस्कृतात निवळीला कतक म्हणतात आणि पाणी स्वच्छ करणाऱ्या वस्तूंमध्ये सुश्रुतसंहितेत तिचा उल्लेख आहे. म्हणजे उपाय फार जुना. तो लागू का पडतो, हे समजायला मात्र एकोणिसावे आणि विसावे शतक खर्ची पडले. त्या शोधाची ही गोष्ट.

सुरुवात केंब्रिजपासून करू. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स हे गणिती, लंबक हवेत हलताना मंद का होतो याचा हिशेब करत होते. त्यातून 1851 साली त्यांनी एक सूत्र मांडले. द्रवातून हळू सरकणाऱ्या लहान गोलाला होणारा विरोध तीन गोष्टींच्या प्रमाणात असतो: गोलाची त्रिज्या, त्याचा वेग आणि द्रवाचा चिकटपणा. ढगातले बारीक थेंब खाली कोसळत का नाहीत, याचेही उत्तर या सूत्राने दिले.

आपल्या हंड्याला ते लावून पाहू. हंडा 30 सेंटिमीटर खोल धरला, तर एक मायक्रोमीटर जाडीचा मातीचा कण तळाशी पोचायला जवळजवळ चार दिवस घेतो. दहा मायक्रोमीटरचा कण तासाभरात पोचतो. जाडी दहापट, तर वेग शंभरपट. म्हणजे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे झाले की पाणी लवकर निवळणार. पाण्याचे रेणू या कणांना सतत धक्के देत असतात, त्यामुळे ते एकमेकांवर आदळतातही. मग ते आपणहून चिकटत का नाहीत?

याचा धागा मॉस्कोत सापडला होता, स्टोक्सच्याही आधी. व्होल्टा यांनी 1800 साली विजेची बॅटरी बनवली आणि युरोपभर लोक मिळेल त्या वस्तूत वीज सोडून पाहू लागले. 1807 साली मॉस्को विद्यापीठातले जर्मन रसायनशास्त्रज्ञ फर्डिनांड रॉइस यांनी ओल्या चिकणमातीत काचेच्या दोन नळ्या खोचल्या, त्यांत पाणी भरले आणि वीज सोडली. धन टोकाच्या नळीतले पाणी गढूळ होऊ लागले. मातीचे कण त्या टोकाकडे निघाले होते. म्हणजे त्यांच्यावर ऋण प्रभार होता. सारखा प्रभार असलेले कण एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून ते चिकटत नाहीत.

पण ऋण कणाभोवतीचे पाणी स्वस्थ बसत नाही. पाण्यातले धन आयन त्याच्याभोवती जमतात. हेल्महोल्ट्झ यांनी 1879 साली या दुहेरी थराचे गणित मांडले. पुढे फ्रान्सचे गुई यांनी 1910 मध्ये आणि इंग्लंडचे चॅपमन यांनी 1913 मध्ये दाखवले की हा घट्ट थर नसून विरळ होत जाणारा ढग आहे आणि पाण्यात क्षार वाढले की तो आक्रसतो. अगदी शुद्ध पाण्यात त्याची जाडी शेकडो नॅनोमीटर असते, समुद्राच्या पाण्यात अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी. ढग आक्रसला की कण एकमेकांच्या जवळ येऊ शकतात आणि चिकटतात. नदी समुद्राला मिळते तिथे गाळ साचून त्रिभुज प्रदेश तयार होतो, त्यामागे हेही एक कारण आहे. तुरटीतल्या ॲल्युमिनियमच्या आयनावर तर तीन धन प्रभार असतात. त्यामुळे तो मिठातल्या सोडियमपेक्षा कितीतरी पट परिणामकारक ठरतो. शिवाय त्याचे पाण्यात चिकट पुंजके बनतात आणि ते मातीला सोबत घेऊन खाली बसतात.

आता वीज सोडल्यावर कण नेमका किती वेगाने जाईल? इथे एक मोठा वाद झाला. तेव्हा ल्वूफमध्ये, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्हमध्ये शिकवणारे पोलिश शास्त्रज्ञ मारिआन स्मोलुखोव्हस्की यांनी 1903 साली सूत्र दिले. त्यात कणाचा आकार येतच नव्हता. लहान असो की मोठा, वेग तोच. 1917 साली वयाच्या 45 व्या वर्षी ते आमांशाने गेले. पुढे 1924 मध्ये एरिख ह्युकेल यांनी तोच हिशेब पुन्हा केला आणि त्यांना वेग दोन-तृतीयांशच मिळाला. दोघांच्याही गणितात चूक सापडेना.

हा गुंता 1931 साली मँचेस्टरच्या डी. सी. हेन्री यांनी सोडवला. वीज न वाहणारा गोल पाण्यात असेल, तर विजेच्या रेषा त्याला वळसा घालून जातात. आयनांचा ढग गोलाच्या मानाने पातळ असेल, तर सगळे आयन या वळलेल्या रेषांत सापडतात आणि स्मोलुखोव्हस्कींचे उत्तर मिळते. ढग गोलाच्या मानाने फार जाड असेल, तर बहुतेक आयन लांब, सरळ रेषांत असतात आणि ह्युकेल यांचे उत्तर मिळते. मधल्या सगळ्या अवस्थांसाठी हेन्री यांनी दोन्हींना जोडणारे सूत्र दिले. दोघेही बरोबर होते, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळे कण होते.

तरी एक गृहीत उरलेच होते. या सर्वांचा कण टणक आणि भरीव होता. खरे कण बरेचदा स्पंजासारखे असतात. तुरटीने जमलेला मातीचा पुंजका सच्छिद्र असतो. दुधातले केसिनचे कणही तसेच. त्यांच्या पोटात भरपूर पाणी असते आणि अंगावर ऋण प्रभार असतो. विरजणाने दूध आंबट होत जाते, तसा तो प्रभार उतरत जातो. सामू 4.6 च्या आसपास आला की तो जवळजवळ शून्य होतो, कण एकमेकांना धरतात आणि दही लागते.

सच्छिद्र वस्तूतून पाणी कसे झिरपते, याचा नियम फ्रान्समधल्या दिजाँ शहराला पाणीपुरवठा करणारे अभियंता आंरी दार्सी यांनी वाळूच्या नळकांड्यांवर प्रयोग करून 1856 साली दिला होता. पण कणाच्या बाहेर स्टोक्सचे गणित आणि आत दार्सीचे, असे धरले की सीमेवर दोन्हींचा सांधा जुळत नसे. डच शास्त्रज्ञ ब्रिंकमन यांनी 1947 च्या सुमारास दोन्ही नियम एकाच समीकरणात गुंफले. 1948 मध्ये पीटर डीबाय यांनी एका सहकाऱ्यासह गुंडाळलेल्या लांब रेणूलाच सच्छिद्र गोल मानून त्याचा हिशेब केला. पुढे सच्छिद्र गोलावर प्रभारही आला, आणि 1990 च्या दशकात जपानच्या हिरोयुकी ओशिमा यांनी आत टणक गाभा व बाहेर सच्छिद्र प्रभारित थर अशा ‘मऊ’ कणांचे गणित विस्ताराने मांडले. जिवाणू आणि रक्तपेशी यांचे वर्णन करायला ते उपयोगी पडते.

या सगळ्याचा माणसाला काय उपयोग झाला, याचे एक उदाहरण आपल्या फार जवळचे आहे. स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी 1937 साली विजेच्या साहाय्याने रक्तातली प्रथिने वेगळी करून दाखवली. त्यांना 1948 चे नोबेल मिळाले. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पद्धतीने सिकलसेलच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन तपासले. ते निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगाने सरकत होते, कारण त्याच्यावरचा प्रभार किंचित वेगळा होता. एखादा आजार एका रेणूतल्या बदलामुळे होतो, हे प्रथमच सिद्ध झाले. तो बदल एका अमिनो आम्लाचा आहे, हे पुढे काही वर्षांतच कळले.

हा आजार नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत आजही अनेक घरांत आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास होत नाही, म्हणून तपासणीशिवाय ते कळत नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतात, तेव्हा त्यात सिकलसेलचीही तपासणी होते आणि ती प्रामुख्याने प्रभाराच्या याच फरकावर चालते. आपल्या मुलांच्या कागदपत्रांत तो निकाल कुठेतरी असेलच. जी पिढी भारतात जन्मली, तिची तपासणी बहुधा झालेली नाही. घरात लग्न किंवा बाळ यायचे असेल, तर ती करून घ्यावी आणि गावाकडच्या नातेवाइकांनाही सांगावे. थोडेसे रक्त पुरते.